लोअर केलेल्या गाडीची पुढची चाकं वळणाच्या मध्यावर सुटतात, शॉकही टिकत नाहीत: कारण आणि उपाय

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेली उभी रचना), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळता येणारी आडवी तुळई). आठवडाभर रोजची ये-जा, सुटीच्या दिवशी ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या जागेत शंकूंमधून वेळ लावून गाडी पळवण्याची स्पर्धा. वळणात शिरताना गाडी छान वळते, स्टिअरिंगला वजन जाणवतं. मग वळणाच्या बरोबर मध्यावर, एखाद्या बारीकशा उंचवट्यावर, पुढची चाकं एकदम सुटतात, म्हणजे रस्त्यावरची पकड सोडतात. स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडी सरळ बाहेरच्या कोनकडे (खुणेच्या शंकूकडे) निघते. रोजच्या रस्त्यावर खड्डा आला की पुढून कोरडा ‘धप्प’ आवाज येतो. आणि सहा-आठ महिन्यांत पुढचा एखादा शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) तेल गाळायला लागतो.

माझ्या गाडीने हा त्रास तीन वेळा दिला. पहिल्यांदा मी शॉक बदलले, दुसऱ्यांदा पुढे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी कलावी म्हणून असलेला दांडा) टाकला, तिसऱ्यांदा चिकट टायर घेतले. दर वेळी दोन-तीन इव्हेंट बरे गेले आणि पुन्हा तेच. तिन्ही खर्च वाया गेले, कारण मूळ दुखणं त्या तिन्हींत नव्हतं. लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग) टाकल्यापासून पुढच्या चाकांना वर जायला जागाच उरली नव्हती. वळणात गाडी स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबू नये म्हणून शॉकच्या दांड्यावर असलेल्या मऊ ठोकळ्यावर) टेकून चालत होती.

आधी मोजा, मग पार्ट घ्या

यासाठी एक केबल टाय आणि एक पट्टी एवढंच लागतं. पुढचं चाक काढा, शॉकच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवा आणि दांड्याभोवती केबल टाय बसवा. टाय हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतकाच घट्ट हवा. उरलेलं शेपूट कापून टाका. चाक लावून गाडी खाली घ्या, थोडी पुढे-मागे करून सस्पेन्शन आपल्या उंचीवर बसू द्या. ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि शॉकच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. हा तुमचा मोकळा ट्रॅव्हल. आता टाय शॉकच्या तोंडाला टेकवा, एक पूर्ण रन मारा आणि टाय दांड्यावर किती वर ढकलला गेला ते बघा. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूब स्ट्रटमध्ये दांडा दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. 

माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगवर हे अंतर ४५ मिलिमीटर होतं. लोअरिंग स्प्रिंगने गाडी ३५ मिलिमीटर खाली आली, म्हणजे उरले १०. आता हिशोब करा. दोन चाकांमधलं अंतर १.५ मीटर धरलं तर मधोमधपासून बाहेरचं चाक ७५० मिलिमीटरवर येतं. गाडी वळणात ४ अंश कलली की बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन साधारण ५२ मिलिमीटर दबतं. १० मिलिमीटर तर पाऊण अंश कलण्यातच संपतात. स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली की गाडी बंप स्टॉपवर.

मूळ गाडीतही ५२ हे ४५ पेक्षा जास्तच आहे, आणि त्यात काही चूक नाही. कारखान्यातला बंप स्टॉप लांब आणि मऊ फोमचा असतो, तो हळूहळू कडक होत जातो. गाडी बनवणारे त्याला दुसरी स्प्रिंगच समजतात. वळणाच्या शेवटी त्यावर हलकं टेकणं वेगळं आणि सुरुवातीपासून त्यावर उभं राहणं वेगळं.

चाकं सुटतात ती नेमकी का

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. हे किती जाणार ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, चाकांमधलं अंतर १.५ मीटर आणि जोर १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका) असेल तर ४०० किलो सरकतात. स्प्रिंग कितीही कडक केल्या तरी हे ४०० कमी होत नाहीत. स्प्रिंग आणि बार एवढंच ठरवतात की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या.

आता पुढचा बाहेरचा स्ट्रट बंप स्टॉपवर आदळला की पुढचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि वजनाचा मोठा वाटा पुढच्या बाहेरच्या टायरवर येऊन पडतो. टायरवर वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमी वाढते. त्यामुळे एका टायरवर जास्त लादलं आणि दुसऱ्यावरून काढलं की त्या जोडीची एकूण पकड घटते. वर तो बारीक उंचवटा आला, स्प्रिंगने जे गिळलं असतं ते टायरला सोसावं लागलं, आणि चाक सुटलं. हेच मागच्या बाजूला झालं तर शेपूट एकदम फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ते जास्त भीतीदायक आहे.

मॅकफर्सनमध्ये आणखी एक भर पडते. गाडीच्या बाजूला बसून लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा, बघा. त्याचा चाकाकडचा बॉल जॉइंट बॉडीकडच्या बुशपेक्षा (रबरी जोडापेक्षा) खाली किंवा फार तर बरोबरीला हवा. गाडी इतकी खाली घेतली की बॉल जॉइंट वर गेला, तर रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलायला बघते. शिवाय त्या कोनात सस्पेन्शन दबलं की कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असण्याचा कोन) मिळण्याऐवजी कमी होतो. ‘खाली घेतली म्हणजे वळणात चांगली’ हे समीकरण या ठिकाणी मोडतं. माझ्या मते बिनघोर उतरण, म्हणजे गाडी खाली घेण्याचं माप, १५ ते २० मिलिमीटर. त्यापुढे जायचं तर बॉल जॉइंटची भूमिती सुधारणारे पार्टही घ्यावे लागतात.

चाकं कुठे सुटतात हेही नोंदवा

अंडरस्टिअर (पुढची चाकं सुटून गाडी वळण्याऐवजी सरळ निघणं) एकच नसतो. वळणात शिरतानाच चाकं सुटत असतील तर आधी वेग, ब्रेक सोडण्याची वेळ आणि पुढचा टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बघा. मध्यावर सुटत असतील तर ट्रॅव्हल, कॅम्बर आणि पुढच्या-मागच्या कडकपणाचं प्रमाण बघा. बाहेर पडताना ऍक्सिलरेटर दाबल्यावर सुटत असतील तर बहुतेक वेळा आतलं चाक जागेवर फिरतंय, म्हणजे दुखणं डिफरन्शिअलचं आहे आणि पुढे अजून जाड बार टाकलात तर वाढेल. माझ्या दुसऱ्या चुकीत हेच झालं. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २४ चा बार म्हणजे २ मिलिमीटरचा फरक नाही, जवळजवळ ४२ टक्क्यांचा आहे. आतलं चाक हलकं झालं, ते जळायला लागलं, आणि मध्यावरचा मूळ त्रास तसाच राहिला.

शॉक का गळतात

इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण शॉक खराब निघाला असं समजून आपण पुन्हा तोच शॉक आणतो.

माझा पहिला शॉक गळला कारण फिटिंग करताना बंप स्टॉप अर्धा कापून टाकला होता. ‘खाली घेतली की कापावाच लागतो’ असं मला सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. कापल्याने मोकळा ट्रॅव्हल वाढतो हे खरं, पण उरलेला तुकडा धक्का पुरता थोपवू शकला नाही, तर शॉकमधला पिस्टन तळावर आदळतो. मोठ्या खड्ड्यात दोन-चार वेळा असं झालं की आतले तेलाचे व्हॉल्व्ह आणि सील दोन्ही जातात. दुसरा शॉक गळला तेव्हा दांडा नीट पाहिला. क्रोमवर दातांच्या खुणा होत्या. वरचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून कुणीतरी तो पकडीने धरला होता. तो ओरखडा प्रत्येक फेरीत सीलवर घासतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर येतं. दांडा धरायला त्याच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटा भाग दिलेला असतो, पाना तिथेच लावायचा. इम्पॅक्ट गनने दांडा गरागरा फिरवणंही तितकंच वाईट. गाडी दुसऱ्याकडे देत असाल तर या दोन गोष्टी आधी स्पष्ट सांगा आणि जमलं तर समोर उभे राहा.

तिसरी गोष्ट शॉकची नाही, पण त्याच कामात बिघडते. लोअर आर्मचे रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात, ते पिळून काम करतात. गाडी जॅकवर असताना, आर्म खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं, गाडीची उंचीही चुकीची दिसते आणि ब्रेक मारताना पुढून खटखट येते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, आणि मगच ठरलेल्या टॉर्कला आवळा. उंची बदलली की हे पुन्हा करायचं, नुसती कॉइलओव्हरची (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीची) रिंग फिरवली असली तरीही.

स्प्रिंग आणि शॉक निवडताना

कॅटलॉगात ‘३० मिलिमीटर लोअर’ मोठ्या अक्षरात असतं आणि कडकपणा कुठेच नसतो. अशी स्प्रिंग घेऊ नका. उतरण किती आणि कडकपणा किती, हे दोन्ही आकडे हवेत. गाडी ज्या प्रमाणात खाली येते त्या प्रमाणात कडकपणा वाढला नाही तर ट्रॅव्हल संपणारच. माझी लोअरिंग स्प्रिंग मूळपेक्षा जेमतेम १० टक्के कडक होती आणि उतरण ३५ मिलिमीटर.

मी आता असा हिशोब धरतो. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेलं वजन ३२० किलो. चाकापाशी मूळ कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन, म्हणजे १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन जोर. त्यावरून गाडीच्या उड्या मारण्याचा नैसर्गिक वेग सेकंदाला १.४ वेळा येतो, साधारण घरगुती गाडीसारखा. ४० न्यूटन केला तर १.८ होतो. रोजच्या वापरासाठी मी पुढे याच्या वर जाणार नाही. त्यानंतर खराब रस्त्यावर चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उडायला लागतं, आणि ऑटोक्रॉसच्या ओबडधोबड पार्किंगवरही तेच होतं. कडक म्हणजे वेगवान हे तिथे खोटं ठरतं. फायदा बघा: १ जीने ब्रेक मारला की २.५ मीटर व्हीलबेसच्या या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर १२० किलो येतात. अँटी-डाइव्ह (ब्रेक मारल्यावर नाक दबणं रोखणारी सस्पेन्शनची भूमिती) सोडून दिला तर २५ न्यूटनवर नाक ४७ मिलिमीटर दबतं, ४० वर २९. ब्रेक दाबून वळणात शिरताना हे १८ मिलिमीटर सोन्यासारखे आहेत.

मागच्या बाजूला एक सापळा आहे. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग चाकाच्या रेषेत नसते, आत बसते. चाकापाशी मिळणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले स्प्रिंग आणि चाक जितकी हलतात त्या अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग. चाक १० मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ८ दबत असेल तर गुणोत्तर ०.८, वर्ग ०.६४. म्हणजे ३० न्यूटनची स्प्रिंग घेतलीत तर चाकाला १९च मिळतात. चाकापाशी ३० हवे असतील तर ४७ ची घ्यावी लागते. मॅकफर्सनमध्ये गुणोत्तर जवळजवळ १ असल्याने पुढे हा घोळ होत नाही, म्हणूनच मागे विसरायला होतं. मागचा नैसर्गिक वेग पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर गाडी डुलत बसत नाही. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात हे मांडलं, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोक्रॉस गाडीला मागचा तो जास्तीचा कडकपणा वळायलाही मदत करतो.

शॉक स्प्रिंगच्या बरोबरीने निवडा. लागणारं डॅम्पिंग (हालचाल आवरण्याचा शॉकचा जोर) कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. स्प्रिंग २५ वरून ४० केली तर डॅम्पिंग सुमारे २६ टक्के जास्त हवं. मूळ शॉक तसाच ठेवला तर गाडीचं डॅम्पिंग गुणोत्तर सुमारे पाचव्या हिश्शाने घटतं आणि स्लॅलममध्ये (शंकूंमधून नागमोडी जाताना) ती एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाताना डुलत राहते. ऑटोक्रॉसमध्ये गाडी एका वळणात स्थिरावतच नाही, सतत एका कोनवरून दुसऱ्याकडे वळत असते. म्हणून एकच वस्तू घ्यायची असेल तर मी स्प्रिंग नाही, चांगले शॉक घेईन. मूळ स्प्रिंगवर चांगले शॉक टाकलेली गाडी रोज चालवायलाही सुखाची असते आणि अनेक स्पर्धांच्या सुरुवातीच्या वर्गात बसते. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या सोलो या ऑटोक्रॉस स्पर्धेच्या स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंगच ठेवाव्या लागतात, शॉक मात्र बदलता येतात. तुम्ही जिथे भाग घेता तिथल्या वर्गाचे नियम पार्ट घेण्याआधी वाचा. एका स्प्रिंगमुळे गाडी वरच्या वर्गात गेली तर सगळी मेहनत तयार गाड्यांच्या विरुद्ध पडते.

फिरकीने कमी-जास्त करता येणारे शॉक घेतलेत, तर ती फिरकी बहुतेक वेळा फक्त रिबाउंड (दबलेला शॉक परत लांबताना होणारा विरोध) बदलते हे लक्षात ठेवा. ‘स्पर्धेला फुल हार्ड’ ही सवय सोडा. रिबाउंड अति झालं की लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक दबतं पण परत येऊ शकत नाही, गाडी एकेका धक्क्याने खाली खाली बसत जाते आणि पुन्हा बंप स्टॉप गाठते. म्हणजे तोच जुना त्रास नव्या, महाग शॉकवर. सर्वांत मऊपासून सुरू करा, दर रनला थोडं वाढवा आणि केबल टाय बघत राहा. टायचा आकडा वाढायला लागला की एक पाऊल मागे या.

स्वस्तातलं काम, जे आधी व्हायला हवं होतं

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मॅकफर्सनला वळणात कॅम्बर कमी पडतो, म्हणून स्थिर अवस्थेत तो जास्त द्यावा लागतो. मूळ गाड्यांमध्ये पुढे उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. रोजच्या गाडीत मी उणे २ ठेवतो. त्याने टायर आतून खातो ही भीती बरीचशी अनाठायी आहे, खरा टायर खातो तो टो. कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो, म्हणून कॅम्बर बोल्ट लावून अलाइनमेंट न करता गाडी पळवलीत तर टायर काही आठवड्यांत जाईल आणि दोष कॅम्बरवर येईल. पुढचा टो शून्य ठेवा. कॅम्बर बोल्टवर पेंटची रेघ मारा, तो सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. धातूच्या बॉलचे टॉप माउंट (स्ट्रटचं वरचं टोक धरणारे जोड) अचूक असतात, पण रोजच्या रस्त्यावर खडखडतात. रबर असलेली कॅम्बर प्लेट मिळत असेल तर तीच घ्या.

टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून हवा ठरवा. रेघ खांद्याच्या खुणेच्या पलीकडे पुसली गेली तर हवा कमी आहे, जवळपासही आली नाही तर जास्त. बस.

मागचा जाड बार सर्वांत शेवटी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याचा परिणाम जादूसारखा वाटतो, आणि आतलं मागचं चाक वळणात हवेत उचललं गेलं तरी घाबरण्याचं कारण नाही. पण ही गाडी घरातली दुसरी माणसंही चालवत असतील, पावसात वळणावर अचानक ऍक्सिलरेटर सोडत असतील, तर तो बार त्यांना शेपूट फिरवून दाखवेल. माझ्या गाडीत आहे, पण बार जोडायच्या भोकांपैकी सर्वांत मऊ परिणाम देणाऱ्या भोकात.

आता माझ्या गाडीत काय आहे

पुढे ४० न्यूटनची स्प्रिंग, उतरण फक्त १५ मिलिमीटर, तिच्या जोडीचे आखूड बॉडीचे शॉक आणि त्या शॉकसाठीच बनवलेला १५ मिलिमीटरने आखूड बंप स्टॉप. उतरणीने घालवलेले १५ आखूड स्टॉपने परत दिले, मोकळा ट्रॅव्हल पुन्हा ४५. बसवण्याआधी स्प्रिंग काढून, बंप स्टॉप पूर्ण दाबेपर्यंत चाक जॅकने वर नेलं आणि टायर कुठे लागत नाही, पिस्टन तळाला जात नाही हे तपासलं. चाक पूर्ण खाली लोंबत असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहते का हेही बघितलं. ती सैल होत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी स्प्रिंग) लावा. ब्रेकचा होज आणि एबीएसची तार ताणली जात नाही ना, तेही तेव्हाच बघून होतं.

पहिल्या इव्हेंटला टाय ४१ वर थांबला. वळणाच्या मध्यावर तोच उंचवटा आला, गाडी हलली आणि ओळीत राहिली. चार माणसं आणि सामान भरून रस्त्यावर गेलो की मोकळं अंतर कमी होतं आणि मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप लागतो, पण तो मऊ लागतो, ‘धप्प’ होत नाही. ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग ३ मिलिमीटर बसल्या होत्या. तेव्हा वरचे नट, लिंक रॉड आणि आर्मचे बोल्ट पुन्हा तपासले, टो पुन्हा शून्यावर आणला आणि हेडलाइटची पातळी नीट केली. टाय अजून दांड्यावरच आहे. दर इव्हेंटनंतर चाक वळवून मागून टॉर्च मारतो, आकडा वहीत लिहितो. दांडे दोन्ही कोरडे आहेत.